तावडेबाईंनी नाकारलेल्या पेशी

चांगला निकाल आला की तावडेबाईंचा चेहरा पडायचा. मुलुंडच्या आमच्या प्रयोगशाळेत पेशी मोजायचं लेझरचं यंत्र त्या कित्येक वर्षं चालवत होत्या. बोरीवलीहून यायच्या, खुर्चीत बसून मिनिटभर डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "आण गं, काय आणलंयस."

माझं पीएचडीचं चौथं वर्ष होतं. उंदरांना संसर्ग झाल्यासारखं वाटेल असं इंजेक्शन दिलं, की अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी जाग्या होतात. त्यांचं पुढे काय होतं, हा माझा विषय. या पेशी ओळखायच्या त्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनांवरून, म्हणजे मार्करवरून. त्या दिवशी पडद्यावर मूळपेशी कितीतरी पटींनी वाढलेल्या दिसल्या. मी टाळीच वाजवली.

बाई बघत राहिल्या. "वाढल्या नाहीत गं. एरवी ज्यांच्यावर हा मार्कर नसतो, त्यांच्यावरही आलाय. तू त्यांनाही मूळपेशी समजून मोजतेयस."

"पण सगळे यावरूनच मोजतात ना?"

"शांत मज्जेत मोजतात. डिवचलेल्या मज्जेत मार्करवर विसंबायचं नाही. ती पेशी काम काय करते ते बघ."

माझे गाइड वैतागले. "वर्ष जाईल तुझं," म्हणाले. मी घरी जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. त्या पेशी मज्जा नष्ट केलेल्या दुसऱ्या उंदरांत सोडायच्या आणि खऱ्या मूळपेशींसारखं त्यांच्यापासून रक्त तयार होत राहतं का, ते चार महिने तपासायचं. तेव्हा बाईंच्या यजमानांचं डायलिसिस चालू होतं. हॉस्पिटलमधून थेट यायच्या, बसल्या जागी पेंगायच्या. पण माझे नमुने दुसऱ्या कोणाला यंत्रावर लावू दिले नाहीत.

वाढलेल्या दिसणाऱ्या बहुतेक पेशींनी काही आठवडे रक्त तयार केलं, मग थांबल्या. खऱ्या मूळपेशी होत्या तेवढ्याच होत्या. बाईंचं म्हणणं खरं ठरलं. त्या एवढंच म्हणाल्या, "सॉरी गं."

मार्करच्या त्या बदलावरच मग माझा प्रबंध झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, हे प्रथम कोणाच्या लक्षात आलं? मी बाईंचं नाव सांगितलं. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, यजमानही गेले होते. बाहेर येऊन मी त्यांना फोन केला.

परीक्षकांना त्यांचं नाव सांगितल्याचं सांगितलं.

"झालीस ना डॉक्टर? मग आता घरी जा आणि झोप," म्हणाल्या. "मीपण जरा पडते."