जयवंतचा कान

मरोळच्या एका पत्र्याच्या गॅरेजात जयवंत राणेचं नाव झालं ते त्याच्या कानामुळे. गाडी आत शिरता शिरताच तो सांगायचा, तिसऱ्या प्लगला करंट नाही. पण त्याआधीची ऐन उमेदीची वर्षं त्याने मिलच्या साचेखात्यात, कापड विणणाऱ्या मागांपाशी काढली होती. संपात मिल बंद पडली आणि तो इथे आला. साच्यांच्या खडखडाटाने कानात जे पोखरलं होतं ते वयाबरोबर वर येऊ लागलं. बारीक आवाज एकेक करून नाहीसे झाले. त्याने कुणाला सांगितलं नाही. बायको रत्नप्रभा मात्र ओळखून होती. तो शेजारी बसलेला असला तरी शिट्टी झाली की कुकर बंद करायला तीच उठायची.

सत्त्याऐंशी साली दशरथ एक परदेशी गाडी घेऊन आला. तो एका स्टुडिओवाल्या शेठचा ड्रायव्हर, जयवंतचा मिलपासूनचा दोस्त. गाडीला टर्बो होता, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. शेठने डिकीत सिलिंडर बसवून ती गॅसवर केली होती. जागेवर ती गुपचूप चालायची. चढावर पाय दाबला की मिसिंग मारायची, धक्के देत मागे ओढायची.

जयवंतने प्लग बदलले, त्यांची फट कमी केली, वायरी नव्या घातल्या. धक्के कमी झाले, गेले नाहीत. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या. ठिणगी अजून चुकत होती, किंवा टर्बो हवा कोंबत असताना तेवढा गॅस पोचत नव्हता. दोन्हींचा फटका सायलेन्सरमधून वेगवेगळा ऐकू येतो. पूर्वी त्याने तो डोळे मिटून सांगितला असता. त्या दिवशी दशरथला रेस द्यायला लावून तो सायलेन्सरपाशी वाकून बराच वेळ बसला आणि उठून म्हणाला, ठिणगीच आहे. गॅसच्या गाड्यांना करतात तसं त्याने टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी जरा लवकर पडेल असं केलं.

पवईच्या चढावर धक्के थांबले. गाडी सुसाट निघाली. जयवंत खूप दिवसांनी हसला.

"काहीतरी वाजतंय रे," दशरथ म्हणाला. "पत्र्यावर वाळू पडल्यासारखं."

जयवंतला काहीच ऐकू येत नव्हतं. "गॅसवर वाजतंच ते," तो म्हणाला. "दाब अजून."

दशरथने दाबला. तलाव दिसायला लागला तोच इंजिनातून धाडकन आवाज आला, तो मात्र जयवंतलाही ऐकू आला. मागे निळा धूर पसरला.

गॅरेजात हेड उतरवलं तेव्हा एका पिस्टनला वितळून भोक पडलेलं होतं. जयवंतने त्यातून बोट घातलं. गॅस कमी पडत होता म्हणून इंजिन आधीच जास्त तापत होतं, त्यात टायमिंग पुढे. वाळूचा तो आवाज म्हणजे इंजिनाने दिलेली सूचना होती. त्या गाडीचा पिस्टन इथे मिळणं शक्य नव्हतं. शेठने दुसरी गाडी घेतली आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला.

काही दिवसांनी दशरथ आला. बाकावर बसून त्याने चहा संपवला, मग विचारलं, "तुला ऐकू आलंच नव्हतं ना?"

"नाही."

"मग मला विचारायचंस ना. मी बाजूलाच होतो."

दशरथ भांडला नाही, आणि पुन्हा कधी आलाही नाही. बोरिवलीला कुणाची तरी रिक्षा चालवतो, असं जयवंतच्या कानावर आलं.

रत्नप्रभा म्हणाली, "आता तरी डाक्टराक दाखवा." ती त्याला हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, आतली नस गेली आहे, याला इलाज नाही. जयवंत त्यांच्या ओठांकडे बघत मान हलवत राहिला. काय म्हणाले ते तिने त्याला बाहेर येऊन, तोंड जवळ नेऊन सांगितलं.

गॅरेजच्या मालकाने त्याला काढलं नाही, पण इंजिनाला हात लावू दिला नाही. तो गाड्या धुऊ लागला, टायरमध्ये हवा भरू लागला. जुनी गिऱ्हाइकं त्याची चौकशी करत. मालक सांगायचा, तो गेला गावाला. जयवंत तिथेच चाकाशी बसलेला असायचा, त्यांच्याकडे पाठ करून.