वस्त्रगाळ नाचणी

नाचणी भिजवून मोड आणले, सावलीत वाळवली, दळून वस्त्रगाळ केली. यात चार दिवस गेले. शनिवारी ऑफिसला निघण्यापूर्वी त्या पिठाची पेज चमच्याने भरवायला बसले, तर लेकीने ओठ घट्ट मिटले. तिला दिवसभर सांभाळणाऱ्या शालनमावशींनी पाय पसरून तिला मांडीवर घेतलं आणि त्याच वाटीतली पेज बोटाने चाटवली. बोट पोचण्याआधीच तोंड उघडलं.

"ताई, पेज झकास झालीय हो!" मावशी म्हणाल्या.

ते कौतुक मला झोंबलं. पीठ माझं होतं, पण भरवणारा हात लेकीने स्वतः निवडला होता.

रविवारी मावशींची सुट्टी. मीही पाय पसरून बसले, बोटावर पेज घेतली. लेकीने बोट चाटलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान वळवून दाराकडे बघत राहिली.