बसच्या टपावरचं ऊन

मी आयुष्यात विज्ञानाचा एकच प्रयोग केला, आणि तो सासुरवाडीत केला.

झालं असं, की चिखल्याच्या खाणीवर मजुरांची ने-आण करून थकलेली एक जुनी मिनीबस मी विकत घेतली आणि तिचं फिरतं घर केलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, हातभर उंचीचा फ्रिज. (आमच्या सिहोऱ्यात लोक तिला 'फिरतं गोदाम' म्हणतात. धानाच्या व्यापाऱ्याकडून दुसरी अपेक्षाच नाही!) हा सगळा खटाटोप आईसाठी. तिची धाकटी बहीण रमामावशी अकोल्याकडे राहते. दोघींची भेट होऊन कितीतरी वर्षं लोटली. पण आईला बाहेरचं जेवण चालत नाही, लॉजचा पलंग चालत नाही आणि रोजचं इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. मग काय, घरच सोबत न्यायचं!

आता प्रश्न एवढाच उरला होता, की टपावर सोलर लावायचं की नाही?

"कायले लावता जी?" बायको म्हणाली. "गाडी चालली का बॅटरी भरते ना आपोआप."

"आणि मावशीच्या दारात तीन दिवस उभी राहिली तर?"

"तर मावशीच्या घरी फ्रिज आहे!"

असल्या फालतू मुद्द्यांकडे मी लक्ष देत नाही. सोलरवाले गजूभाऊ म्हणाले होते, "आठ दिवस लावून पाहा जी, नाही पटलं तर काढून नेतो." दोन पॅनल टपावर चढले आणि मी अंगणात उभा राहून जाहीर केलं, "तीन दिवस गाडी हलणार नाही, इंजिन सुरू होणार नाही. फ्रिज थंड राहिला तर सोलर पक्कं आणि आईचं जाणं पक्कं. नाहीतर दोन्ही रद्द!"

बहिणीसाठी घेतलेलं लुगडं आईनं पिशवीतून काढलं आणि परत पेटीत ठेवून दिलं. मला फार वाईट वाटलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि बोललेला शब्द मागे घ्यायची सवय मला नाही. (बायको म्हणते, विचार करून बोलायचीही नाही.)

आमच्या अंगणावर चिंचेची सावली. म्हणून खास उन्हासाठी गाडी करडीला, सासुरवाडीत नेली. सोबत आई, बायको आणि इन्सुलिन. गाडी सासूबाईंच्या घराला अगदी खेटून उभी केली, इतकी की स्लॅबवरून हात लांबवला तर टपाला लागावा.

पहिल्या दिवशी मीटरवर बॅटरी शंभर! फ्रिज गारेगार! मी सासूबाईंना म्हणालो, "मामी, अख्ख्या करडीत माह्या टपावर पडते तसं ऊन कुठंच पडत नाही. काच अशी तापते, का हात ठेवला तर चटका बसते!"

"असं काय जावईबापू!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. मी फुगलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी पन्नासवर आली. मी वायरी हलवल्या, फ्यूज फुंकला, मीटरला दोन चापट्या मारल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी फ्रिजनं कुंई केलं आणि मान टाकली. गाडीच्या आत जे जे म्हणून होतं ते सगळं मी उघडून पाहिलं. टपावर तेवढा चढलो नाही. शिडी दिसली की माझे गुडघे संपावर जातात.

गजूभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "पॅनलवर सावली पडून राहिली काय?"

"सावली?" मी गरजलो. "अहो, इथं झाडाचं पान नाही! तुमचा मालच बोगस आहे. या आणि घेऊन जा!"

तेवढ्यात मला इन्सुलिन आठवलं. फ्रिज उघडला, आत हात घातला, तर आत भट्टी! आणि डबीही जागेवर नाही!

"आई! तुझं इन्सुलिन?"

"ते काय," आईनं ओसरीवरच्या रांजणाकडे बोट केलं. रांजणात ओली रेती, रेतीत छोटं मडकं, मडक्यात डबी. "आपल्या घरी फ्रिज नव्हता, तवा नर्सबाईनं असंच ठेवाले शिकवलं होतं. मी तं पहिल्याच दिवशी काढून आणलं."

"काहून?"

"तू प्रयोग करून राहिला होता ना गा!"

मी मडक्यात हात घातला. डबी थंडगार! मी तिथंच ओसरीवर बसलो आणि दोन तांबे पाणी प्यालो. जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळानं गजूभाऊ आले. तावातावानं शिडी चढले. मग वरून आवाज आला, "भाऊ, तुमच्या सोलरवर तं धोतर आहे!"

"धोतर?"

"आणि धोतरावर वड्या!"

लाखोळीच्या डाळीच्या, वाळवणाच्या वड्या! सासऱ्यांच्या जुन्या धोतरावर, दोन्ही पॅनल झाकून, ओळीनं! सासूबाई स्लॅबवरून रोज सकाळी पसरत होत्या आणि संध्याकाळी गोळा करत होत्या.

"तुम्हीच तं म्हणाले जावईबापू, असं ऊन गावात कुठंच नाही," त्या घाबरून म्हणाल्या. "कोंबड्याही पोचत नाही वरतं. दोन दिवसात खडखडीत वाळल्या पाहा!"

बायको पदराआड हसत होती. धोतर निघालं, मीटरचा काटा उठला, तासाभरात फ्रिज पुन्हा घुरघुरायला लागला. सोलर पक्कं! आईनं हळूच विचारलं, "मंग रमीकडं जाऊन राहिलो ना आपण?"

"परवाच निघू!" मी म्हणालो. आणि इन्सुलिन मडक्यातच न्यायचं, हेही मुकाट्यानं कबूल केलं. फ्रिजमध्ये माझं ताक राहील.

गजूभाऊंनी तक्रारीचा कागद पुढे केला. "इथं सही करा जी. पण खराबी कशात होती म्हणून लिहू? पॅनल, वायर का बॅटरी?"

मी विचार करत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, "मालक लिही बापा."

गजूभाऊंनी लिहिलं. मी खाली सही केली.