कोरसाची जागा

माझा आवाज मुलीचा वाटतच नाही, असं शाळेतल्या बाईंचं ठाम मत होतं. प्रार्थनेला त्या मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि वर सांगायच्या, "तू नुसते ओठ हलव." मी ओठही हलवत नसे. राग माझ्या नाकावर बसला तो तेव्हापासून.

आमच्या नागपूरच्या वस्तीत मात्र हाच आवाज लागायचा. जयंतीला विहारासमोर मांडव पडला की बाबा बेंजो घेऊन बसत आणि मी गायची. आमच्याकडे गाणं एकट्याचं नसतंच. गाणारा ओळ टाकतो, कोरस ती उचलतो, तेवढ्यात गाणारा दम घेतो. माझा कोरस म्हणजे माय आणि तिच्यासोबत विड्या वळणाऱ्या शेजारच्या चार बाया. माय प्रत्येक ओळ जरा आधीच उचलायची. गिरणीतून पाळी संपवून आलेले बाबा वैतागायचे.

"थांबत जा ना वं जराशी! गाणं पळून राह्यलं का?"

"पोट्टीचा दम सुटते ना जी," माय म्हणायची आणि पुन्हा आधीच उचलायची.

मी सोळा वर्षांची होते तेव्हा टीव्ही नागपुरात नवा नवा आला होता. वस्तीत एकच होता, दवाखान्यात नर्स असलेल्या काकूंकडे. त्यावर एके दिवशी सांगितलं, की अठरा वर्षांखालच्या गाणाऱ्यांची स्पर्धा आहे, अर्ज पाठवा. बाबांनी दुसऱ्याच दिवशी पाठवला. नागपूरला चाचणी झाली. तिथे दोनच ओळी म्हणायच्या होत्या, त्या मी म्हटल्या. महिन्याभरात पत्र आलं, की मुंबईला या, वादक इथे मिळतील. त्या दिवशी वस्तीत भाजी जळाली नाही असं एकही घर नव्हतं, सगळ्या बाया आमच्या दारात.

तयारी जोरात सुरू झाली. बाबांनी नवं गाणं लिहिलं होतं, 'दिवा माझ्या हाती, मी वाट का पुसू'. रोज संध्याकाळी विड्यांची सुपं बाजूला सरकवून पाचही जणी बसायच्या, मी ओळ टाकायची, त्या उचलायच्या. काकू ऐकायला यायच्या. बाबा चुका काढायचे. आम्ही एवढी शहाणी माणसं, पण मुंबईत गाणार आहे ती एकटी पोर, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. गाणं म्हटलं की कोरस असणारच, तो काय सोबत न्यावा लागतो?

बाबा मला मुंबईला घेऊन गेले. स्टुडिओत थंडी एवढी, की दात वाजत होते. एका बाईंनी माझ्या तोंडाला पावडर फासली. मायची लग्नातली साडी मला मोठी होत होती, तिला चार ठिकाणी टाचण्या लावल्या. तबला सुरू झाला आणि मी छाती भरून पहिली ओळ टाकली. आवाज असा लागला, की पेटीवाल्यांनी मान वर करून पाहिलं. ओळ संपली. मी सवयीनं थांबले.

कोणीच उचलली नाही.

तबला चालू, पेटी चालू आणि मधोमध मी गप्प. मी डावीकडे पाहिलं, माय तिथेच बसते. तिथे एक मोठा दिवा उभा होता. कशीबशी पुढची ओळ धरली, आणि कडव्याच्या शेवटी पुन्हा तेच, पुन्हा थांबले. सवय अशी बुद्धी खाते. तिसऱ्या वेळेला भानावर आले आणि कोरसाची ओळ माझी मीच घाईनं म्हणून टाकली. परीक्षकांनी शेवटी विचारलं, "आवाज दमदार आहे तुझा. पण मध्येच थांबतेस का? विसरलीस का?" मी साडीची टाचणी चाचपत उभी राहिले. नंबर तिघांचे निघाले, त्यात मी नव्हते.

परतीच्या गाडीत बाबांनी बडनेऱ्याला मला चहा घेऊन दिला. मग म्हणाले, "चूक माही हाय. आता कोणाले काही सांगू नको." आम्ही सांगितलं नाही. छान झालं म्हणालो. बक्षिसाचं टीव्हीवरच कळेल म्हणालो.

कार्यक्रम दाखवायला तीन आठवडे होते. ते तीन आठवडे मी आजन्म विसरणार नाही. वस्तीतला जो तो मला पाहून हसायचा आणि मी गल्ली बदलायची. बक्षीस गेलं त्याचं मला काही नव्हतं. पण जिथे मी गाणारी म्हणून उभी राहत होते, त्याच माणसांसमोर मी मुकी होऊन उभी दिसणार होते. पुन्हा मांडवात कोणत्या तोंडानं गाऊ? कार्यक्रम होता त्या रविवारी सकाळीच मी मायला म्हटलं, मामाकडे कुहीला जाते.

"काहून वं? आजच?"

"पोट दुखून राह्यलं."

"पोट दुखते त् कुहीले कायले जातं? इथंच ओवा खाय," माय म्हणाली, आणि संध्याकाळी हात धरून मला काकूंच्या अंगणात नेऊन बसवलं.

टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर दोघं-तिघं गाऊन गेले, आणि मग मी आले, काळीपांढरी, साडीत बुडालेली. "आली, आली!" बाबा सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

पडद्यावरची मी पहिली ओळ म्हणत होते. ती संपत आली, मी मान खाली घातली. आता ती शांतता येणार.

ती आलीच नाही. ओळ पुरती संपायच्याही आधी माझ्या कानाशी मायनं ती उचलली. मागोमाग चौघी, मागोमाग सगळं अंगण, टाळ्यांसकट. ओळ संपवून त्यांनी ती पडद्यावरच्या माझ्या हाती दिली, आणि तिनं ती तिथूनच पुढे नेली. दुसऱ्यांदाही तसंच. कोणाला काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. त्यांच्या लेखी मी तिकडे मुंबईत त्यांच्यासाठी थांबले होते. मी मागे वळून बाबांकडे पाहिलं, तर ते तोंडावर हात ठेवून हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग तिसरी वेळ आली. मायनं श्वास भरला, तोंड उघडलं, आणि पडद्यावरच्या मीच घाईघाईनं ती ओळ म्हणून टाकली. सगळा कोरस तोंड उघडं ठेवून बसला, आणि मग एकच गलका झाला. पुढे परीक्षक काय म्हणाले, नंबर कोणाचे आले, ते त्या गलक्यात कोणी ऐकलंच नाही.

माय माझ्याकडे वळली. अख्ख्या गाण्यात तिला एकच चूक सापडली होती, आणि तिचा तिला खरोखरच राग आला होता.

"इथं काहून घाई केली वं? आमाले उचलूच नाही देलं!"

"चुकलं माय," मी म्हटलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळी हसले.