रुळावर ठेवलेला पाय

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. लेकीलाही नाही. जोतिबापुढंसुद्धा मी नुसते हात जोडले, तोंडातून काही काढलं नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी उठून आत जाते. लिहिताना मात्र समोर कुणी नसतं. तुम्ही आहात, तेवढे पुरे.

आमची वस्ती कोल्हापूरच्या अलीकडे, रेल्वेलाईनला लागून. वैरणीचं रान लाईनच्या पलीकडं. माझ्या सासूला मी आत्ती म्हणायचे. बाळंतपणातल्या तापात त्यांचे कान गेलेले — अगदी ठार. पण लाईन ओलांडायला त्यांना कुणी लागत नसे. चप्पल काढायची, उजवा पाय रुळावर ठेवायचा, जरा थांबायचं. थरथर लागली की मागं सरायचं. तिथं वळण आहे, वरून उभा ऊस; डोळ्यांचा उपयोग नाही. आत्तींचा पाय मात्र कधी चुकला नव्हता.

इंजिनांची सगळी हकिकत त्या पायावरूनच सांगायच्या. "कोळशाचं इंजान म्हंजे रेडा. लांबनंच जिमीन हादरवत यायचं. डिझेलचं म्हंजे पिठाची गिरण, टाचंत घरघर." वस्तीच्या तीन म्हशी गाडीखाली गेल्या, एक माणूस गेला. "मी न्हाय गावली," असं छातीवर हात मारून म्हणायच्या.

आणि मला? मला मुकी म्हणायच्या. लग्न होऊन आले त्या दिवसापासून. कुणी आलं की ठरलेलं — "पावणं, आमच्या घरात येक भैरी आन् येक मुकी. भांडान व्हायचंच न्हाय की!" सगळे हसायचे. माझा नवराही. मी कप उचलून आत जायचे. एवढंच. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. हे मुद्दाम लिहिते — नाहीतर तुम्ही माझ्या बाजूनं व्हाल.

मग लाईनवर खांब उभे राहिले, तारा ओढल्या. एक दिवस रेल्वेचा माणूस दारात आला. "वहिनी, उद्यापास्नं इजेवरचं इंजान चालवून बघणार हाईत. नुसतं इंजान, डबं न्हाईत. थरथर न्हाय, काय न्हाय, वाऱ्यागत येतंय. म्हातारीला तेवढं सांगा."

"सांगते," म्हटलं.

"काय म्हंत हुता गं त्यो?" आत्तींनी विचारलं.

आमच्यात हाताच्या खुणा ठरलेल्या होत्या. गाडीची खूण सगळ्यांत सोपी — तळहात उभा धरायचा. मी ओंजळ तोंडाला लावून दाखवली. पाणी मागत होता.

विसरले, असं म्हणू का? पुष्कळ दिवस मी स्वतःला तेच सांगत होते. पण विसरलेलं माणूस खोटी खूण कशाला करेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलीकडच्या बांधावर वैरण कापत होते. बांध उंच, तिथून वळणापलीकडची लाईन दिसते. आत्ती घराकडून आल्या. चप्पल काढली. पाय ठेवला. मला इंजिन दिसत होतं. भोंगा वाजला, तोही ऐकला. आत्तींनी माझ्याकडं बघितलं — नेहमीसारखं, सवयीनं. तळहात उभा धरायला किती वेळ लागतो? माझ्या एका हातात विळा होता. दुसरा रिकामा होता. तो मी पदराला पुसला.

आत्ती पुढं निघाल्या.

त्या वाचल्या. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "तुला दिसलं न्हाय व्हय गं?" मी मान हलवली — नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. तोच, रिकामा. त्यानंतर मला कधी मुकी म्हणाल्या नाहीत. त्यांचं हगणं-मुतणं सगळं मी काढलं. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, सून असावी तर अशी.

इथं थांबले असते तर? पण मी थांबले नाही.

आत्ती आतल्या खोलीत फरशीवर तळहात टेकून पडायच्या. डब्यांची गाडी गेली की आमचं घर हादरतंच. "गाडी गेली न्हवं?" त्या विचारायच्या. मागं मांडणीवर भांडी वाजत असायची, आणि मी मान हलवायचे — नाही. पहिल्यांदा का केलं, ठाऊक नाही. दुसऱ्यांदा ठाऊक होतं. त्यांच्या तोंडावर जे यायचं ते मला बघायचं होतं. मग रोजच. सकाळच्या गाडीला, दुपारच्या गाडीला.

"हात बी मेला गं माझा," एकदा म्हणाल्या. मग विचारणंच सोडलं. तळहात फरशीवरून उचलून पोटावर ठेवला, तो शेवटपर्यंत तिथंच.

त्यांनी हात उचलला त्या दिवशी मी चहा केला. त्यांना दिला, मीही घेतला. मला बरं वाटत होतं.