मी मोडलेल्या अकरा पायऱ्या

हे लिहायचं मी दहा वर्षं टाळत आलो. दर हिवाळ्यात दोन ओळी लिहायचो आणि खोडून टाकायचो. या पानावर लोक आपापले अनुभव सांगतात ते मी रोज वाचतो... आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात म्हणतो, काहीतरी साधं कारण असणार, या माणसाने नीट पाहिलं नाही. माझी सगळी नोकरी लखनौला रेल्वेच्या संशोधन खात्यात, पुलांच्या कामावर गेली. जे मोजता येत नाही ते नसतंच, हे मी बायकोला, मुलाला आणि सुनेला इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते तिघं माझ्या आधी वाक्य पूर्ण करायचे. भूत, संकेत, पूर्वसूचना, कशावरच माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे घडलं ते घडलं, आणि त्याचं श्रेय दहा वर्षं चुकीच्या माणसाकडे आहे. तो माणूस मी.

आधी आमच्या घरची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मानक नगरच्या स्टाफ कॉलनीत राहायला आलो तेव्हापासून दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला करायचा नेम कधी चुकला नाही. लखनौच्या बाजारात मावळे मिळत नाहीत. मातीचे बँडवाले, शिपाई आणि डोक्यावर पणत्या घेतलेल्या ग्वालिनी, म्हणजे गवळणी, मिळतात. आम्ही त्या बँडवाल्यांनाच बुरुजावर उभं करायचो. महाराष्ट्रातले गड लांब, म्हणून मी एक नियम केला होता : एका दिवसाच्या गाडीप्रवासात पोचता येईल असा किल्ला निवडायचा, त्याचा नकाशा काढून दिवाळीत तो करायचा आणि नाताळच्या सुट्टीत तो खरा किल्ला बघायला जायचं. उन्हाळ्यात मलिहाबादला आंबे खायला, पावसाळ्यात कुठल्या तरी घाटावर भजी, आणि थंडीत किल्ला. असं आमचं वर्ष होतं. नातेवाईक म्हणायचे, तुमच्याकडे कॅलेंडर नको, नुसते डबे बघितले तरी महिना कळतो.

निवृत्तीनंतर आम्ही तेलीबागला घर बांधलं. मुलगा मंदार बँकेत. त्याने लग्न केलं आलमबागच्या निधीशी. ती इथलीच, हिंदी बोलणारी, शांत. मराठी तिला हळूहळू समजायला लागली होती. मला बाबा म्हणायची आणि पुढचं सगळं हिंदीत बोलायची. त्यांची ओवी तेव्हा पाच वर्षांची होती.

त्या वर्षी मी बुंदेलखंडातला एक किल्ला निवडला. नाव मुद्दाम देत नाही, उगाच कुणी तिथे पायऱ्या शोधायला जायचं. पुस्तकातला आराखडा आणि इंटरनेटवरचं उपग्रहाचं चित्र पडताळून मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. निधीला काम दिलं होतं माती मळायचं. फक्त मळायचं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी आणि माझी बायको सुलभा मराठी मंडळाच्या फराळाचं सामान आणायला गेलो होतो. सुलभा तिथेच मंडळात थांबली, मी एकटा परत आलो. अंगणात निधीची आई आली होती, मिठाईचा डबा घेऊन. शेजारचे दोघंतिघंही उभे होते. आणि किल्ल्याच्या पश्चिमेला, पडक्या बुरुजाखाली, माझ्या नकाशात नसलेलं काहीतरी तयार झालं होतं. खाली उतरणाऱ्या पायऱ्या. त्या एका मोठ्या दगडाला वळसा घालून डावीकडे जात होत्या. शेवटी आरशाच्या तुकड्याचं एक टाकं, टाक्याशेजारी एक कोनाडा, आणि कोनाड्यात मातीची ग्वालिन ठेवलेली.

मी मोजल्या. सवयच ती. अकरा पायऱ्या. पाचवी अर्धी तुटकी.

निधीला विचारलं, हे काय आहे. ती मातीने भरलेल्या हातांकडे बघत म्हणाली, "पता नहीं बाबा. हाथ चलता गया. लगा कि यहाँ सीढ़ियाँ हैं."

इथे मी थांबू शकलो असतो. पण लोक बघत होते, आणि नकाशा माझा होता. मी तिच्या आईकडे वळलो आणि म्हणालो, "समधन जी, देखिए, आपकी बेटी ने हमारे किले में बाथरूम बना दिया. सीढ़ी भी पूरी बनानी नहीं आई." शेजारी हसले. मग मी आणखी एक वाक्य बोललो, "जिनके घर में किले नहीं बनते, उन्हें क्या पता." घरात मी एरवी मराठीतच ओरडतो. हे मात्र हिंदीत बोललो, तिच्या आईला कळावं म्हणून. ती बाई हातातल्या डब्याचं झाकण पुन्हापुन्हा दाबत राहिली. मी थापी घेतली आणि त्या अकरा पायऱ्या टाक्यासकट सपाट केल्या. ओवी म्हणाली, "आजोबा ने पानी तोड़ दिया." निधी एवढंच म्हणाली, "जी बाबा." आणि पुन्हा माती मळायला बसली.

सुलभा घरी आली तेव्हा तिथे सारखी केलेली उतरण होती. तिने ते पाहिलंच नाही, आणि तिला कुणी सांगितलंही नाही. हे लक्षात ठेवा.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण गाडीने निघालो. धुकं एवढं की मंदार बैलगाडीच्या वेगाने चालवत होता. थालीपिठं सुलभाची, मटारची घुघरी निधीच्या आईने पाठवलेली. वाटेत एका लॉजवर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला किल्ल्यावर पोचलो. ऊन पडलं होतं. सुलभाला मधुमेह; सकाळचं इन्सुलिन घेतलं होतं, पण लॉजवरचा नाश्ता तिला आवडला नाही, दोन घास खाल्ले. गुडघे दुखतात म्हणाली, मी इथेच देवळाच्या ओट्यावर उन्हात बसते, तुम्ही महाल बघून या, मग जेवू. डबे तिच्यापाशी ठेवले.

आम्हाला यायला उशीर झाला. कारण मी. महालाच्या प्रत्येक कमानीपाशी मी नकाशा उघडत होतो. परतलो तेव्हा धुकं पुन्हा उतरलं होतं. ओट्यावर डब्यांची पिशवी होती, बांधलेली, तशीच. सुलभा नव्हती.

हाका मारल्या. फोनला रेंज नाही. चौकीदार म्हणाला, अम्मा अभी तो यहीं थीं. मंदार दरवाजाकडे धावला, चौकीदार तलावाकडे, मी तटाच्या कडेने. तासभर गेला. साखर खाली गेली की तिला भान राहत नाही, भलतीकडे चालत सुटते, हे आम्हाला माहीत होतं. घरात एकदा ती तशी गच्चीवर जाऊन बसली होती. इथे गच्ची नव्हती, कडे होते. थंडी, पोटात अन्न नाही, आणि दीड तासात सूर्य मावळणार. मी नकाशा हातात घेऊन उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कागदावरचं काहीच वाचता येत नव्हतं.

निधीने ओवीला परत आलेल्या मंदारकडे दिलं आणि माझ्या बाहीला हात लावला. "बाबा, पश्चिमवाला बुर्ज. उसके नीचे."

मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तिथे काही नाही, सरळ कडा आहे, मी चित्रात पाहिलं आहे.

"जी," म्हणाली, आणि चालायला लागली.

मी तिच्यामागे गेलो ते तिला अडवायला. ही कड्यावरून पडली तर आणखी एक संकट, एवढाच विचार होता. बुरूज ढासळलेला, त्याच्या पायथ्याशी करवंदासारखी काटेरी झुडपं माजलेली. निधीने शाल हाताला गुंडाळली, झुडूप बाजूला केलं आणि खाली उतरायला लागली. धुक्यात मला तिची फक्त पाठ दिसत होती. माझ्या पायाखाली पायरी आली. मग दुसरी. आणि पुढून तिचा आवाज आला, अगदी रोजच्या स्वरातला —

"संभलकर बाबा, पाँचवीं टूटी है."

ती अजून तिसऱ्या पायरीवरच होती. पाचवी कुणालाही दिसणं शक्य नव्हतं.

पाचवी तुटकी होती. एकूण अकरा. मोठा दगड, डावीकडे वळसा, टाक्यातलं काळं पाणी, कोनाडा. आणि कोनाड्यात, गुडघे पोटाशी घेऊन, माझी सुलभा.

अंग घामाने ओलं, डोळे मिटलेले. निधीने पदराच्या गाठीतून गूळ काढला, बोटाने तिच्या हिरड्यांना चोळला, आणखी चोळला. मी फक्त डोकं धरून होतो. काही मिनिटांनी सुलभाचा हात हलला. निधी म्हणाली, आप पकड़े रहिए, मैं इनको बुलाती हूँ, आणि पायऱ्या चढून पळत गेली. तेवढ्यात सुलभाने डोळे उघडले. समोर मी एकटा.

"तुम्ही आलात," ती म्हणाली.

मी मान हलवली.

मग जे झालं ते आठवलं की आजही ऊर भरून येतो. मंदारने आईला पाठीवर घेतलं, चौकीदाराने वरून हात दिला आणि धुक्यात सगळीकडे ओरडून सांगितलं, अम्मा मिल गईं. किल्ला बघायला आलेली कुठली कुठली माणसं गोळा झाली, टाळ्या वाजवायला लागली. कुणी थर्मासमधला चहा दिला. ओवी आजीच्या मांडीवर चढून बसली. सुलभाचं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "माझी थालीपिठं कुणी संपवली नाहीत ना?" आम्ही हसून हसून रडलो. त्याच ओट्यावर बसून डबे उघडले, चौकीदारालाही जेवायला बसवलं. लखनौपर्यंत गाडीत गाणी चालली होती. तेलीबागला गल्लीत शिरताना मंदार हॉर्न वाजवत आला, वरातीसारखा. आम्ही तो किल्ला खरोखरच जिंकून आलो होतो.

फक्त जिंकलं कोण, हे बदललं.

गाडीतच सुलभाने विचारलं, तुम्हाला कसं कळलं हो, मी तिथे असेन? तिला स्वतःला ओट्यापासून डोळे उघडेपर्यंतचं काहीही आठवत नव्हतं. निधी पुढच्या सीटवर होती. मी म्हणालो, उतार कुठे आहे ते बघितलं, पाणी तिकडेच साठणार, जिथे पाणी तिथे वाट असणार. बोलता बोलता मलाच ते पटायला लागलं. आरशात मला तिचे डोळे दिसले, मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

संक्रांतीला मंडळात माझा सत्कार झाला. मी माइकवरून उतार आणि पाणी समजावून सांगितलं. तिसऱ्या रांगेत निधी ओवीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या. सुलभा हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "छत्तीस वर्षांत ह्यांना माझा वाढदिवस आठवला नाही, पण धुक्यात मला बरोबर शोधलं." हे सांगताना ती अशी फुलायची की काय सांगू. तिच्या संसाराचं ते सगळ्यात मोठं बक्षीस होतं, आणि ते खोटं होतं. ते काढून घ्यायचं धाडस मला झालं नाही. निधीला ते कळलं होतं. ती सासूच्या शेजारी उभी राहून तिळगूळ वाटायची.

मी शोध घेतला नाही असं नाही. उपग्रहाच्या चित्रात तिथे झाडोरा दिसतो, बाकी काही नाही. पुस्तकांत उल्लेख नाही. चौकीदार म्हणाला, अठारह साल से हूँ बाबूजी, यहाँ सीढ़ी मैंने भी नहीं देखी. निधी त्या भागात कधी गेली नव्हती, तिच्या माहेरचं कुणीच गेलं नव्हतं. तिला एकदाच विचारलं. म्हणाली, मिट्टी गीली थी बाबा, मुझे भी नहीं मालूम. तिलाही माहीत नाही. मला तर नाहीच.

पुढच्या दिवाळीपासून नकाशा बंद केला आणि थापी निधीच्या हातात दिली. कारण सांगितलं नाही. म्हटलं, माझी कंबर दुखते. त्यानंतर सुलभा नऊ हिवाळे आमच्यासोबत हिंडली. नऊ किल्ले. प्रत्येक वेळी गाडीत बसताना ती विचारायची, ओवी, बघ गं, आजोबा आहेत ना सोबत? मग हरवायला हरकत नाही.

सुलभा या उन्हाळ्यात गेली. झोपेत, शांतपणे, मलिहाबादच्या आंब्यांची पहिली पेटी घरात असताना. आता माझ्या खोटेपणाला कसलंच कारण उरलेलं नाही. तिच्या तेराव्याला मी निधीला हाक मारली आणि पाणी मागितलं. मग एकदा आलमबागला तिच्या आईकडे मुद्दाम गेलो, चहा प्यायलो, मेट्रोमुळे किती सोय झाली ते अर्धा तास बोललो आणि उठलो. परवा निधी माझ्या औषधांचा डबा भरत होती, गोळ्या वारांप्रमाणे लावत. मी म्हणालो, "निधी." ती म्हणाली, "हां बाबा, बोला ना." आता ती मराठी छान बोलते. मी म्हणालो, "काही नाही, पंखा कमी कर."

बोलायचं होतं ते हे : निधी, तुझ्या आईसमोर तुला जे बोललो ते मी तिला कळावं म्हणून बोललो होतो, आणि सुलभाला मी नाही, तू शोधलंस. माझं चुकलं, बाळ. मला माफ कर.