मॅडमचा चारचा वर्ग

नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यावर दीड वर्ष मी त्यांचा उजवा हात चोळला. तिळाच्या तेलानं, दोन्ही वेळ. "अहो, उचला की जरा," म्हणून घसा कोरडा केला. हात ढिम्म हलला नाही. मग चाकणच्या कंपनीतल्या त्यांच्या जुन्या सोबत्यानं फोनवर व्यायामाचा वर्ग लावून दिला, अपंगांसाठीचा, खुर्चीत बसून करायचा. शिकवणारी मॅडम नागपूरची, माझ्या लेकीच्या वयाची. तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "काका, हात उचला बघू," आणि यांनी वीतभर उचलला! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू. चारच्या वर्गाला हे साडेतीनलाच तयार. दाढी हवी, कंपनीचा निळा शर्ट इस्त्रीचा हवा. माझ्यासमोर मात्र दिवसभर बनियनवर. सावरायला मी पुढं झाले की फोनमधून आवाज येई, "काकू, हात लावू नका. त्यांना करू द्या." माझ्याच घरात मला बंदी! वर्ग संपला तरी हे हलत नसत. कंपनीत रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, तीच सवय. पुढच्या वर्गातला देहूरोडचा रिटायर फौजी पडद्यावर दिसला की मगच मान हलवून मोकळे व्हायचे.

एका शुक्रवारी दुपारी मी बॅटरी संपत आलेला फोन चार्जरला लावला आणि भिंतीवरचं बटण चालूच केलं नाही. मुद्दाम. चार वाजता वर्ग सुरू झाला. यांचा हात वर, मॅडम मोजतेय, आणि सातवर फोन बंद पडला.

मी ओट्यापासून बाहेर आले. "घ्या आता खाली."

घेईनात. हात तसाच वर, कपाळावर घाम.

"रिलिव्हर कुठं आलाय अजून?"

मला रडूच फुटलं. "अहो, बटण मीच चालू केलं नव्हतं."

"म्हाईत हाय मला." हात हळूहळू मांडीवर आणत हे म्हणाले, "दुपारीच दिसलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बटण दाबायलाबी तुलाच हाक मारावी लागती. आज म्हणलं, न्हाई मारायची."